मॉरिशसच्या उसात, मास्तरांच्या संगतीने

मॉरिशस म्हटले की लोकांना निळा समुद्र आणि नवी लग्ने झालेली जोडपी आठवतात. आम्ही केळापूर भागातले चार सभासद तिकडे गेलो ते ऊस पाहायला. परदेश पाहायची हौस होतीच, ती नाकबूल कशाला करायची? पण उसाचे काही पाहून आलो तर 'पत्रिके'साठी लिहून द्या, अशी सूचना निघण्यापूर्वीच झाली होती. म्हणून हा मजकूर.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पोळा आटोपला, बैलांची झूल उतरवून ठेवली आणि आम्ही मुंबई गाठली. तेथून विमानाने सहा तासांच्या आसपास. आपल्याकडे तेव्हा कपाशीला पात्या-फुले लागायचे दिवस. तिकडे मात्र उसाचे गाळप ऐन भरात. विषुववृत्ताच्या पलीकडचा देश, तेव्हा ऋतू उलटे. तिथला हंगाम जूनला सुरू होतो आणि डिसेंबरात आटोपतो.

विमानतळावर आमचे मित्र जुनी मोटार घेऊन उभे होते. त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. जन्म मॉरिशसचा, पणजोबा रत्नागिरीकडचे. तरुणपणी मास्तर पुण्याला मराठी शिकायला आले होते, तेव्हा आमच्यातल्या एकाच्या खोलीवर राहिले आणि ती ओळख टिकली. पुढे तिथल्या शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले. शिवाय त्यांचा दोन आर्पां ऊस आहे. आर्पां म्हणजे तिथले जमिनीचे माप, आपल्या एकराहून किंचित मोठे. केळापूरच्या जगदंबेचा अंगारा आणि कुंकू त्यांच्या हाती ठेवले तर तिथेच, गर्दीत, त्यांनी पादत्राणे काढून ते कपाळाला लावले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. प्रवासी कंपनीसोबत गेलो असतो तर किनारे, धबधबे आणि सात रंगांची माती पाहून परतलो असतो. ते सारे आम्हीही पाहिले, छानच आहे. पण मास्तर गाडी मधेच थांबवत, शेताच्या बांधावर उतरवत आणि "भाऊ, हे बघा" म्हणत. जे काही सांगण्यासारखे आहे ते त्या बांधांवरचे आहे.

बेट केवढे? मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटरच्या घरात. आपला यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटर, म्हणजे सात मॉरिशस आपल्या जिल्ह्यात मावतील. मूळचे रहिवासी कोणी नाहीत. डच लोकांनी १६३९ साली जावाहून उसाचे बेणे आणले, मग फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले. ज्वालामुखीचे बेट असल्याने दगड आपल्यासारखाच काळा. शेतात जागोजागी या दगडांचे रचलेले ढीग दिसतात, काही तर घराएवढे उंच. आम्ही विचारले, हे कशासाठी रचले? मास्तर म्हणाले, "रचले नाहीत, वेचले. आमच्या आज्यापणज्यांनी हाताने वेचून बाजूला टाकले, तेव्हा मधे ऊस लावायला माती मिळाली." ढीग हलवण्याचा खर्च परवडत नाही म्हणून कित्येक अजून तसेच आहेत. आमच्यातला एक जण उतरून ढिगातला दगड हातात घेऊन तोलत बसला. सायखेड्याच्या पाण्याखाली शेत तयार करताना त्याच्या वडिलांनीही गोटे वेचले होते.

गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास मळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' नावाच्या जहाजातून भारतीय मजुरांची तुकडी पोर्ट लुईला उतरली, आणि पुढल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे करारावर आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशची, तामीळ आणि तेलुगू मुलखातली, आणि काही हजार मुंबई बंदरातून चढलेली मराठी, मुख्यतः कोकणातली. करार पाच वर्षांचा. गड्याला पगार महिना पाच रुपये आणि शिधा. ज्या धक्क्यावर ती उतरत तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. मास्तर त्या पायऱ्या चढताना बोलले नाहीत, आणि आम्हीही गप्प राहिलो.

मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. त्या मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. प्रत्येकाला नंबर होता. वंशजाने तो नंबर शोधून काढला की जहाज, साल, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, सारे निघते. मास्तरांनी आपल्या पणजोबांचा उतारा काढून ठेवला आहे, आपण सातबाराचा ठेवतो तसा. कारकुनाने लिहिताना पणजोबांचे पाळण्यातले नाव पुढे कुटुंबाचे आडनाव होऊन बसले. तिथल्या पुष्कळ मराठी घरांत असेच झाले आहे. आडनावाच्या शेवटी 'जी' दिसले की ओळखावे.

घरात मास्तर आणि वहिनी क्रिओल बोलतात. फ्रेंचमधून निघालेली ती तिथली लोकभाषा. शाळेत इंग्रजी-फ्रेंच, आणि देवापुढे मराठी. नातवंडांना मराठी समजते, बोलायला लाजतात. सकाळच्या न्याहारीला दालपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीची ही बिनगोडाची बहीण, आत हरबऱ्याची डाळ भरलेली. रस्त्यावर गाडीवर सुद्धा विकतात. वहिनींनी पहिल्या दिवशी केली आणि आम्ही हावऱ्यासारखी खाल्ली, तेव्हा पुढे रोज झाली.

काटा कोणाचा?

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओळखीने एका कारखान्यात गेलो. गाड्यांची रांग, मोकळा टाकलेला ऊस, उन्हात चालक झोपलेले. एवढे सगळे आपल्या गव्हाणीसारखेच. फरक पुढे आहे. गाडी काट्यावर आली की वरून एक पोलादी नळा उसात खुपसला जातो आणि आतला नमुना निघतो. तो चिरडून रसातली साखर मोजतात. वजन आणि नमुना या दोन्हींवर देखरेख कारखान्याची नाही, तर ऊस-उद्योगासाठी असलेल्या सरकारी प्राधिकरणाची. शेतकऱ्याच्या, किंवा अगदी लहान असेल तर त्याच्या सोसायटीच्या, उसात साखर किती निघाली हे त्यावरून ठरते. त्या साखरेचे ७८ टक्के ऊस पिकवणाऱ्याचे आणि २२ टक्के कारखान्याचे, दळण्याची मजुरी म्हणून. मळीचा आणि बगॅसचा मोबदला वेगळा. बगॅसवर वीज तयार होते आणि देशाच्या जाळ्यात जाते, तेव्हा त्याचा वाटा आम्हाला द्या अशी ओरड शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. २०२१ साली तो मोबदला बराच वाढला. साखर मात्र कारखाना परस्पर विकत नाही. १९१९ साली स्थापन झालेली सिंडिकेट सर्वांची साखर एकत्र विकते आणि पैसे वाटते.

आपल्याकडचे गणित सभासदांना ठाऊक आहे. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसते. चांगला ऊस आणून घालणारा आणि वाढे-पाचटासकट टाकणारा, दोघांना टनामागे सारखेच पैसे. २०१३ च्या राज्याच्या कायद्याने साखरेच्या उत्पन्नाच्या ७५ टक्के, किंवा उपपदार्थ धरून ७० टक्के, अशी वाटणी सांगितली आहे. पण हा हिशेब कारखान्याचा एकत्र, शेतकऱ्यागणिक नव्हे. तिकडचे सर्व काही उत्तम आणि आपले वाईट असे मुळीच नाही. तिथले कारखाने खाजगी कंपन्यांचे आहेत. सभासद, संचालक, सर्वसाधारण सभा या भानगडीच नाहीत. मास्तर उलट आम्हाला विचारत, "तुम्ही कारखान्याचे मालक, मग काटा तपासायला बाहेरचा माणूस कशाला हवा?" यावर आमच्यात जो वाद झाला तो परतीच्या वाटेवरही संपला नाही. एकाचे म्हणणे, मालकी आपली म्हणूनच काटा त्रयस्थाचा हवा, म्हणजे भावाभावात संशय राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, नमुना गाडीगणिक घ्यायचा तर खर्च कोणी सोसायचा? आमचा कल पहिल्याकडे आहे.

ही देखरेख तिथे सुखासुखी आलेली नाही. मास्तरांनी गाडी पूर्वेकडे फ्लाक भागात नेली आणि युनियन फ्लाक या ठिकाणी रस्त्याकडेला थांबवली. १९३७ सालची हकीकत. लहान शेतकरी तेव्हा 'उबा' नावाची जात लावत. कणखर ऊस, दगडात येणारा, वजनाला चांगला, पण साखर कमी. कारखान्यांनी त्या हंगामात जाहीर केले की उबाला १५ टक्के भाव कमी. ज्यांच्या शेतात फक्त उबाच उभा होता ते शेतकरी आणि त्यांच्यासोबत मजूर खवळले. ऊस पेटले, रस्ते अडले. १३ ऑगस्ट १९३७ रोजी युनियन फ्लाकला जमावावर गोळीबार झाला आणि चार माणसे मेली. मालकही भारतीय वंशाचाच होता, हे मास्तरांनी मुद्दाम सांगितले. नंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि ऊसवाले व कारखानदार यांच्यात निवाडा करणारी व्यवस्था कायद्याने उभी राहत गेली.

हे ऐकताना आम्हाला फुले २६५ आठवली. ही जात २००७ साली प्रसारित झाली. टनेज भरपूर, खारवट जमिनीतही तग धरणारी; पण उतारा कमी म्हणून काही कारखाने तिची नोंद घ्यायला का-कू करत होते. गोळ्या चालल्या नाहीत हे नशीब. भांडण मात्र तेच: शेतकऱ्याला वजन हवे, कारखान्याला साखर. हे दोघे एकाच बैठकीला बसून बेणे ठरवत नाहीत तोवर ते मिटायचे नाही.

सहकार तिथे आपल्याकडूनच गेला, हे ऐकून मात्र छाती फुगली. १८८० नंतर मोठ्या मळेवाल्यांनी कडेची, दगडाळ जमीन तुकडे करून विकायला काढली. मजुरांनी पै-पै जमवून ती घेतली, पण सावकाराच्या तावडीत सापडले. मग १९१३ साली भारतातल्या १९०४ च्या कायद्याच्या धर्तीवर तिथे सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि त्या उभ्या करायला पंजाबकडून सहकार खात्याचा अधिकारी बोलावला गेला. मास्तरांच्या आजोबांनी अशाच सोसायटीच्या कर्जावर पहिला तुकडा घेतला. त्यांच्या सोसायटीत आम्ही गेलो. भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी, टेबलावर रजिस्टर, कोपऱ्यात खतांच्या पिशव्या. सचिवांनी चहा मागवला. वाटले आपल्याच गटकचेरीत बसलो आहोत.

आणखी एक व्यवस्था सभासदांनी ध्यानात घ्यावी. हे बेट वादळांच्या वाटेवर आहे. १९६० साली 'कॅरोल' वादळाने निम्म्याहून अधिक साखर बुडवली. पण १९४६ पासून तिथे उसाचा वादळ-दुष्काळ विमा कायद्याने सक्तीचा आहे. प्रत्येक शेतकऱ्याला एक ते पंधरा असा दर्जा असतो. नुकसानभरपाई न घेता गेलेल्या चांगल्या वर्षांनी दर्जा चढतो, आणि वर चढलेल्याला संकटात भरपाई जास्त मिळते. आमच्या भागात गारपीट झाल्यावर पंचनाम्यासाठी किती हेलपाटे पडतात ते लिहीत बसत नाही.

पडीत वावरे

एवढे सगळे आहे, तर तिथला ऊसवाला सुखी असला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही पहिले चार दिवस वाटले. मग पश्चिमेकडे कास्कावेल गावाच्या रस्त्याने जाताना मास्तरांनी एकामागून एक वावरे दाखवायला सुरुवात केली. हे पडीत. हे पडीत. इथे बंगले झाले. इथे ऊस होता, आता बाभळीसारखे काटेरी रान. हा तुकडा त्यांच्या चुलत भावाचा; मुलगा फ्रान्सला, सून इस्पितळात नोकरीला, तोडायला माणूस नाही.

१९७० च्या सुमारास बेटावर २१ साखर कारखाने होते. आम्ही गेलो तेव्हा तीन उरले होते. १९७३ साली ७ लाख १८ हजार टन साखर झाली होती. अलीकडे ती अडीच लाखांच्या आत आली आहे. उसाखालची जमीन दोन लाख एकरांवर होती, ती निम्म्यावर उतरली. उत्तरेकडे बो प्लां येथला कारखाना १९९९ साली बंद पडला, आणि आता त्याचे संग्रहालय आहे. चरखे रंगवून ठेवले आहेत, तिकीट काढून आत जाता येते, शेवटी निरनिराळ्या साखरेचे नमुने चाखायला देतात. परदेशी पाहुणे फोटो काढत होते. मास्तरांनी लहानपणी वडिलांबरोबर याच आवारात ऊस घातला होता काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "हा नाही. आमचा होता तो तर पाडलाच."

असे का झाले? १९७५ साली युरोपशी करार झाला. वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास साखर युरोप घेणार आणि भावही जगाच्या बाजारापेक्षा चढा देणार. तीस वर्षे त्यावर घरे बांधली, पोरे शिकवली. मग युरोपने २००६ ते २००९ दरम्यान भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि करारही संपवला; २०१७ साली त्यांनी स्वतःच्या साखरेवरची मर्यादाही उठवली. कारखाने एकत्र झाले, त्यांनी पांढरी साखर शुद्ध करणे, तांबूस खास साखर बनवणे, वीज विकणे असे मार्ग काढले आणि ते तगले. दोन आर्पांवाला कसा तगणार? त्याच्या दगडी तुकड्यात यंत्र जात नाही, हाताने तोडणारा मिळत नाही. काही टोळ्यांत आम्हाला बांगलादेशातून आणलेले मजूर दिसले. करारावर आलेल्यांच्या पणतवंडांच्या उसात आता दुसरे करारावरचे मजूर! मास्तर त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलले, बिडी मात्र त्यांनीच मास्तरांना दिली.

सरकार हात वर करून बसलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. लहान उत्पादकांना, साठ टनांपर्यंत साखर निघणाऱ्यांना, अलीकडे भावाची हमी दिली जाते. दगड काढून, तुकडे जोडून यंत्राजोगी शेते करण्याची योजना झाली. काही सोसायट्यांनी 'न्याय्य व्यापारा'चा शिक्का मिळवून साखरेमागे जादा पैसे कमावले. तरीही सोडून गेलेले शेतकरी परत आले नाहीत. मास्तरांचे म्हणणे असे, की भाव पडला तेव्हा शेतकरी रागावला होता, पण शेत सोडले नव्हते. मदत यायला जी सात-आठ वर्षे लागली त्यात पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली.

आम्ही केळापूरची माणसे मूळची कापसाची. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा केवढा आधार वाटला होता, आणि ती गेल्यावर पांढऱ्या सोन्याचे काय झाले, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. उसाकडे आम्ही वळलो तेच मुळी ठरलेल्या भावाच्या ओढीने. जिल्ह्यात कारखाने निघालेले पाहिले, तसे धुराडी थंडावलेलीही पाहिली. म्हणून मास्तर वावरे दाखवत होते तेव्हा आमच्यापैकी कोणीही "तुमच्याकडे असे, आमच्याकडे नाही" असे म्हणाले नाही.

२७ तारखेला चतुर्थी आली. मास्तरांच्या घरी शाडूची लहान मूर्ती, भोवती उसाच्या कांड्यांची मखर. हेन्रिएटा गावात १८९६ साली बेटावरचा पहिला गणेशोत्सव झाला असे तिथली मराठी मंडळी सांगतात. आता गणपतीला देशभर सरकारी सुट्टी असते, तीही दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची, कारण पुष्कळांचा गणपती कोकणातल्यासारखा दीड दिवसाचा. २८ ला शेजारपाजारचे तामीळ, भोजपुरी, क्रिओल सगळे समुद्रावर आले. आरती मराठीत, ढोल आपल्यासारखा, मधेच नाचाला सेगाचा ठेका. आम्ही चौघांनी वऱ्हाडी ठसक्यात आरती म्हटली तर पोरे टकमक पाहू लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "तुम्ही गावचे का?" कोणते गाव, ते त्यांना सांगता येईना. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजेच गाव.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर आम्हाला आपल्या उसात घेऊन गेले. सातवा खोडवा. आपल्याकडे निडव्यानंतर बहुतेक जण मोडतात. तिकडे सात-आठ तोडी सहज घेतात, कारण लागवडीचा खर्च परवडत नाही. ऊस बारीक होता, पण निरोगी. तोड सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागणार होती. हा निघाल्यावर नवी लागण करायची की नाही, हे त्यांचे ठरत नव्हते. मुलगा म्हणतो विकून टाका. वहिनी म्हणतात, नंबर लागलेल्या माणसाने घेतलेली जमीन आहे, आपण नाही विकायची. मास्तर आम्हाला विचारत होते, पट्टा पद्धतीत मधे तूर लावली तर कसे? आम्ही सांगितले ते त्यांनी वहीत लिहून घेतले. बेण्याच्या दोन कांड्या सोबत नेता आल्या असत्या तर बरे झाले असते, पण रोगराईच्या भीतीने दोन्ही देशांत त्याला मनाई आहे आणि ते योग्यच आहे.

येत्या गाळप हंगामात मास्तर आणि वहिनी आपल्याकडे यायचे म्हणत आहेत. रत्नागिरीकडचे गाव शोधायचे आहे, केळापूरला जगदंबेचे दर्शन घ्यायचे आहे, आणि आपला काटा, गव्हाण व प्रयोगशाळा पाहायची आहे. तारीख ठरली की गटकचेरीच्या फळ्यावर लागेल. ज्या सभासदांना त्यांच्याशी बोलायचे असेल त्यांनी शेतकी मदतनिसाकडे नाव द्यावे. मास्तर मराठी छान बोलतात. फक्त जरा सावकाश बोलावे लागते.